तळ्याचा तळ गार का?

अलिबाग, किहीम, नागाव, काशीद ही नावं निघाली की डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. शाळांच्या सहलीही किनाऱ्यावर जातात, मुरुडला जंजिरा पाहतात आणि परततात. वाटेतली तळी मात्र कोणी थांबून पाहत नाही. खुद्द जंजिऱ्याच्या तटाआड, चहूकडे खारं पाणी असताना, गोड्या पाण्याची दोन तळी आहेत. अलिबाग-पेणच्या खारेपाटात तर अनेक घरांच्या मागे तळं असतं. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून तळ्यात सोडायची आणि ती वाढवायची, ही तिथली जुनी रीत आहे. अशा एखाद्या तळ्याकाठी अर्धा दिवस घालवला, तर पुस्तकातले तीन-चार धडे तिथे एकत्र भेटतात.

माझं लहानपण अशाच गावात गेलं. मे महिन्यात दुपारी आम्ही काकांच्या तळ्यात पोहायचो. वरचं पाणी अगदी कोमट असायचं, पण उभं राहायला पाय खाली सोडले की गुडघ्यांखाली एकदम गार लागायचं. ‘खाली झरा असेल’ असं मोठी माणसं सांगायची. तळं जेमतेम दीड पुरुष खोल. मग हा गारवा येतो कुठून?

चुलीवरचं भांडं खालून तापतं. तळातलं पाणी गरम होऊन हलकं होतं, वर येतं, वरचं गार पाणी खाली जातं, आणि थोड्या वेळात सगळं पाणी सारखं तापतं. तळं मात्र वरून तापतं. सूर्याकडून आलेल्या ऊर्जेपैकी निम्मा भाग स्वच्छ पाण्यातसुद्धा पहिल्या मीटरभरातच शोषला जातो. पाणी गढूळ किंवा शेवाळाने हिरवं असेल तर ऊर्जा आणखीच वर अडकते. तापलेलं पाणी हलकं, आणि ते आधीच वर आहे. त्याने खाली का जावं? ते तिथेच तरंगत राहतं. वारा नसेल तर गरम पाण्याचा थर गार पाण्यावर झाकणासारखा बसतो. म्हणजे गारवा खालून आलेला नसतो, ऊन खाली पोचलेलं नसतं.

पुढे संशोधनासाठी मी दोन वर्षं जर्मनीत होतो. तिथे उन्हाळ्यात रविवार उजाडला की माणसं मुलाबाळांसह जवळच्या सरोवरावर जातात. पोहायचं, काठावरच्या गवतावर पडायचं, सोबतचं खायचं आणि संध्याकाळी परतायचं. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरचं बोडनसे हे सरोवर सुमारे २५० मीटर खोल आहे. उन्हाळ्यात त्याचं वरचं पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर जातं, पण तळाशी ४-५ अंशच असतात. तिथे पोहताना पाय खाली सोडले आणि मला काकांचं तळं आठवलं.

मनात आलं, तिथे वर-खाली १५ अंशांचा फरक, आपल्याकडे फार तर दोन-चार अंशांचा. म्हणजे आपले थर कच्चे असणार. हिशोब केला तेव्हा ही समजूत चुकीची ठरली. पाण्याची घनता ४ अंशाला सर्वांत जास्त असते, हे आपण शिकवतो. त्यापुढे ती कमी होते, पण सारख्या गतीने नाही. पाणी ४ वरून ५ अंशावर गेलं तर एक घनमीटर पाण्याचं वस्तुमान सुमारे ८ ग्रॅमने घटतं. २९ वरून ३० अंशावर गेलं तर ते जवळजवळ ३०० ग्रॅमने घटतं! थंड देशातल्या सरोवरात ४ आणि १० अंशांच्या पाण्यात जेवढा फरक, साधारण तेवढा आपल्या तळ्यात २९ आणि ३० अंशांच्या पाण्यात असतो. म्हणून उथळ तळ्यातही दुपारी थर पक्के बसतात. रात्री वरचं पाणी निवतं, जड होऊन खाली जातं आणि बहुतेक वेळा तळं ढवळलं जातं. पण हवा कोंदट, रात्री उकाड्याच्या आणि तळं झाडांच्या आडोशाला असेल, तर खालचा थर कित्येक दिवस तसाच राहू शकतो.

याचा परिणाम पोहणाऱ्याच्या पायांपुरता नसतो. पाण्यात प्राणवायू येतो तो दोन वाटांनी : पृष्ठभागावरून हवेतून, आणि उजेडात शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणातून. दोन्ही वाटा वरच्या थरात. तळाशी मात्र कुजणारा पाला, चिखल आणि जिवाणू यांचा खर्च चालूच असतो. वरून पुरवठा नाही, त्यामुळे खालचा प्राणवायू संपत जातो. त्यातून गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. १० अंशाला एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला फक्त ७.५.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. मी आठवीत होतो. जूनच्या सुरुवातीला दोन दिवस आभाळ भरून राहिलं आणि एका रात्री वाऱ्यासह पहिला जोरदार पाऊस झाला. सकाळी काकांच्या तळ्यात जिताडे पोट वर करून तरंगत होते. दोन वर्षांची मेहनत आणि मुलीच्या लग्नाच्या खर्चाची बेगमी एका रात्रीत गेली. शेजाऱ्याशी बांधावरून वाद होताच. ‘त्यानेच औषध टाकलं’ असं सगळ्यांनी ठरवलं. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं कायमचं बंद झालं.

आज त्या सकाळीकडे पाहताना मला वेगळंच दिसतं. ढगाळ दिवसांत शेवाळाने प्राणवायू कमी तयार केला, रात्री मात्र त्याचा श्वासोच्छ्वास चालूच राहिला. गार पाऊस आणि वारा यांनी थर मोडले. तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर आलं आणि सगळ्या तळ्यात मिसळलं. मला आठवतं, मोठे मासे मेले होते, लहान मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा घेत होते, बेडूक आणि पाणकिडे जिवंत होते. प्राणवायू संपला की सहसा असंच होतं, तेही पहाटे. शेतीच्या विषारी औषधाने बहुधा लहान मासे आणि किडे आधी मेले असते. या खुणा सर्वांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्या वाचता येणारं कोणी नव्हतं. मला त्या कळल्या तोवर काका आणि ते शेजारी दोघेही गेले होते.

वर्गात करून पहा : सारख्या तोंडाच्या दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत गार पाणी आणि दुसरीत रंग घातलेलं गरम पाणी काठोकाठ भरा. गरम बाटलीच्या तोंडावर जाड कागद धरून ती गार बाटलीवर उपडी ठेवा आणि कागद हळूच ओढून घ्या. रंग वरच राहील. मग गरम बाटली खाली ठेवून तेच करा. क्षणात रंग सगळीकडे पसरेल.

तळ्यावर करून पहा : बाटलीच्या बुडाशी दगड बांधा. तोंडावर सैल बूच लावून त्याला वेगळी दोरी बांधा. मुख्य दोरीवर दर अर्ध्या मीटरला गाठ मारा. बाटली हव्या त्या खोलीवर सोडा, झटका देऊन बूच काढा, बुडबुडे थांबले की बाटली वर ओढा आणि लगेच तापमापी बुडवून वाचन घ्या. सकाळी ७ आणि दुपारी ३ वाजताची वाचनं आलेखावर शेजारी शेजारी मांडा. पाण्याचा गढूळपणा मोजायला एक पांढरी थाळी दोरीला आडवी बांधून सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली टिपा. इटलीतल्या सेक्की या शास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्रात हीच युक्ती वापरली होती.

एक नियम मात्र पक्का ठेवा. मुलांनी पाण्यात उतरायचं नाही. तळाच्या चिखलात पाय रुततो आणि गढूळ पाण्यात बुडालेलं मूल दिसत नाही. मोजमाप पायऱ्यांवरून किंवा घाटावरून घ्यायचं, ते शिक्षकांनी स्वतः घ्यायचं किंवा मुलांजवळ उभं राहून करवून घ्यायचं. पोहता येणारी दोन मोठी माणसं आणि एक लांब दोर सोबत हवाच.

ही वाचनं वर्षभर घेतली, तर शाळेकडे गावातल्या तळ्याची वही तयार होईल. पुढे कधी एखाद्या सकाळी मासे मेलेले दिसले, तर कोणाचं नाव घेण्याआधी ती वही उघडून पाहता येईल.