पाण्यामुळे जमीन हलते?

सातारा जिल्ह्यात पाटणच्या पुढे कोयना नदीवर 103 मीटर उंचीचं धरण आहे. 1962 पासून त्यात पाणी साठू लागलं आणि आसपासच्या गावांना हादरे बसू लागले. रात्रीबेरात्री फळीवरची भांडी वाजायची. दख्खनचं पठार म्हणजे भक्कम खडक, इथं कुठला आलाय भूकंप, असं तेव्हा भलेभले जाणकारही मानत!

मग 11 डिसेंबर 1967 ची पहाट उजाडायच्या आतच 6.3 तीव्रतेचा धक्का बसला. कोयनानगरातली घरं कोसळली, दीडशेहून जास्त माणसं दगावली. धरणालाही तडे गेले. पण ते फुटलं नाही, हे नशीबच म्हणायचं. पुढे काँक्रीटचे जाड टेकू देऊन ते आणखी मजबूत केलं.

पण पाण्यानं एवढा मोठा खडक हलतो कसा? खरं तर पाणी नुसतं निमित्त. जमिनीखालच्या खडकांवर लाखो वर्षं ताण साचत असतो. खडकांत जुन्या भेगा असतात. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या, एकात एक अडकून बसलेल्या स्टीलच्या पेल्यांसारख्या. तलावाचं पाणी झिरपत खोल गेलं की भेगेतला दाब वाढतो, पकड सैल होते आणि खडक खर्रकन सरकतो. तोच भूकंप!

हे जवळून पाहायला शास्त्रज्ञांनी कोयना परिसरात चक्क 3 किलोमीटर खोल भोक पाडलं. आधी सव्वा किलोमीटर नुसता काळा कातळ लागला, मग त्याखाली ग्रॅनाइट. तिथं अजूनही लहान-लहान धक्के बसतात. पावसाळ्यात धरण भरल्यावर जरा जास्तच.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला पहाटे भूकंप झाला, तिथं मात्र हजारो माणसं गेली. तिथल्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, जाडजूड, आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत झोपलेल्यांवर कोसळलं. मला विचाराल तर भूकंपापेक्षा कच्चं बांधकामच जास्त जीव घेतं.

तुमच्याकडे कधी जमीन हललीच, तर जिन्याकडे धावू नका. भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. हादरे थांबले की मोकळ्या जागेत या, आणि हो, लिफ्टनं मुळीच उतरू नका!