धानाच्या पाण्यावर पाखरांची वस्ती

साकोलीहून नवेगावबांधकडे गेलं की टेकड्यांच्या कोंडाळ्यात सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव पसरलेला दिसतो. या टेकड्यांना गावकरी 'सात बहिणी' म्हणतात. हिवाळ्यात इथे स्थलांतरित बदकं उतरतात, काठावरच्या जंगलात अस्वल-बिबट्यांचा वावर असतो. पाहुण्याला वाटतं, हे सगळं निसर्गाचंच देणं. पण हा तलाव माणसांनी बांधला आहे, आणि तोही शेतीसाठी.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याचं सांगतात. पाण्याचा उतार ओळखून पाळ घालण्यात कोहळी समाजाचा हात धरणारं कुणी नव्हतं. धानाला ऐन वेळी पाणी मिळावं म्हणून या मुलखात गावोगावी असे तलाव आणि लहान बोड्या झाल्या. १९५१मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, त्यांच्या ताब्यातले तलाव सरकारकडे गेले आणि त्यांचं नाव पडलं 'मामा', म्हणजे माजी मालगुजारी, तलाव.

१९७५मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं. १९९९मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि नवेगाव भंडाऱ्यातून तिकडे गेलं. २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. भंडारा जिल्ह्यातलं कोका अभयारण्यही त्यात आहे.

जंगलाला कायद्याचं कुंपण मिळालं, पण सारस त्या कुंपणात राहत नाही. माणसाएवढा उंच हा क्रौंच तलावाकाठी चरतो आणि पावसाळ्यात उभ्या धानाच्या बांधीतही घरटं घालतो. म्हणजे त्याचं भवितव्य बरंचसं शेतकऱ्याच्या हाती. फवारणी वाढली, तलाव गाळाने किंवा बेशरमाच्या झुडपांनी भरला, की त्याचं खाद्यही आटतं.

त्यावर इलाजही गावातूनच निघाला. 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा'चे मनीष राजनकर यांनी ढिवर मासेमारांचं पारंपरिक ज्ञान हाताशी धरलं. बेशरम उपटायची, गाळपेर जमिनीत स्थानिक पाणवनस्पती लावायच्या, म्हणजे देशी माशांना अंडी घालायला आडोसा मिळतो. महिलांनीही यात पुढाकार घेतला. मासे वाढले की मासेमारांची मिळकत वाढते आणि पाखरांचंही पोट भरतं.

नवेगावला मुक्काम करायचा तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. पहाटे पाळीवर दुर्बीण घेऊन उभं राहावं. पावसाळ्यात जंगलसफारी बंद असते. तेव्हा सारसाचं घरटं दिसलंच तर रस्त्यावरूनच पाहावं, कारण बांधीत उतरलं तर पक्षीही बिथरतो आणि शेतकऱ्याचं रोपही तुडवलं जातं.