दिवा लागला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला काय?

श्रोतेहो, कामगारावर ठपका आला की त्याच्या हाती प्रथम आरोपपत्र पडते. आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे, एवढी साधी गोष्ट पटवून देण्यात आमच्या आयुष्याची बरीच वर्षे गेली. आजचा विषय वरकरणी गॅरेजातला आहे. परंतु त्याचे मर्म हेच आहे.

भर मे महिन्यात खाणीवरून कोळसा वाहणाऱ्या टिपरचा एक चालक आमच्याकडे आला. गाडीचा दिवा लागला, इंजिन ओढीना, खेप बुडाली. यंत्रावर निशाणी आली होती ती ‘युरियाचा दर्जा खराब’ अशी. कंत्राटदाराने अर्थ लावला की, याने युरिया विकला आणि टाकीत पाणी भरले. पगार कापला गेला. तो एवढेच म्हणाला, “भाऊ, पाण्याचा एक थेंबही नाही टाकला जी.” आम्ही काही इंजिनियर नव्हे. पण चौकशीशिवाय शिक्षा नाही, हा आमचा धर्म. म्हणून आम्ही पुस्तके उघडली आणि जाणत्या मिस्त्र्यांपाशी बसलो. तेथे जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हा युरिया कशासाठी ते पाहू. डिझेल इंजिनात उष्णता इतकी वाढते की हवेतलाच नायट्रोजन व ऑक्सिजन एकत्र येऊन विषारी ऑक्साइडे बनतात. ती फुप्फुसाला जाचतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो. हा धूर आधी कोण घेतो? खाणीतला मजूर, काट्यावरचा कारकून, आणि उमरेड वा कोराडीच्या रस्त्याकडेचा रहिवासी. म्हणून १ एप्रिल २०२० पासून मोटारगाड्यांना भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि १ एप्रिल २०२१ पासून चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांचेही नियम कडक झाले. बहुतेक मोठ्या इंजिनांना तेव्हापासून निळ्या झाकणाची वेगळी टाकी आली. तिच्यात शेकडा ३२.५ भाग शुद्ध युरिया आणि ६७.५ भाग क्षारविरहित पाणी असते. हे द्रावण सायलेन्सरच्या वाटेवर फवारले की उष्णतेने त्याचा अमोनिया होतो, आणि उत्प्रेरकाच्या जाळीवर तो अमोनिया विषारी वायूंचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन व वाफेत करतो. योजना उत्तम आहे; तिच्याशी आमचे भांडण नाही.

आता टाकीतल्या पहारेकऱ्याकडे वळू. त्याला सेन्सर म्हणतात. तो तीन गोष्टी सांगतो: द्रव किती आहे, किती गरम आहे आणि कसा आहे. पुष्कळ यंत्रांत दर्जा ओळखण्याची रीत मोठी गमतीची असते. सेन्सर द्रवातून कानाला न ऐकू येणारा सूक्ष्म ध्वनी सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला हे मोजतो. साध्या पाण्यापेक्षा युरियाच्या द्रावणातून ध्वनी अधिक वेगाने जातो. त्यावरून पाण्याचे प्रमाण कळते. पण ध्वनीचा वेग उष्णतेनेही बदलतो. म्हणून तापमान सांगणारा भाग चुकला की दर्जाचा आकडाही चुकतो. एका साक्षीदाराने खोटे सांगितले की दुसऱ्याची खरी साक्षही वाया जाते, तसलाच हा प्रकार.

यंत्राचा संगणक या साक्षीवर आधी दिवा लावतो, मग इंजिनाची ताकद कमी करतो आणि कित्येक गाड्यांत अखेरीस बैलगाडीची चाल आणतो. म्हणून दोष तीन ठिकाणी शोधावा लागतो: द्रवात, तारेत, आणि शेवटी सेन्सरमध्ये. हा क्रम मोडू नये.

पहिले काम म्हणजे दोषाचा आकडा पुसण्याआधी लिहून घेणे. मोठ्या गाड्यांत आकडे जोडीने येतात. पहिला भाग सांगतो, तक्रार कशाबद्दल आहे: ३३६४ म्हणजे द्रवाचा दर्जा, १७६१ म्हणजे टाकीतली पातळी. दुसरा भाग सांगतो, तक्रार कोणत्या प्रकारची आहे: ३ म्हणजे विजेचा दाब जास्त, ४ म्हणजे कमी, ९ म्हणजे निरोप वेळेवर येत नाही. दुसरा भाग ३, ४ किंवा ९ असेल तर द्रवाकडे बोट दाखवण्याआधी तारा पाहाव्यात.

दुसरे काम द्रवाचे. चांगला द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या हातात मावणाऱ्या दुर्बिणीवर ठेवला की प्रमाण दिसते. ते ३२.५ च्या आसपास हवे. आधी शुद्ध पाण्यावर ती दुर्बीण शून्याला लावून घ्यावी. मात्र ही दुर्बीण फक्त प्रमाण सांगते, शुद्धता सांगत नाही. शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाचे तेल लावलेला असतो. तो पाण्यात कालवला तरी प्रमाण बरोबर दिसेल आणि उत्प्रेरक मात्र बिघडेल. द्रव जुना झाला तरी बिघडतो. २५ अंशांत तो सुमारे १८ महिने टिकतो, ३५ अंशांत सहाच महिने. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या कॅनचे काय होत असेल, हे आपणांस सांगायला नको! आणखी एक: नुकतीच टाकी भरली असेल तर बुडबुड्यांमुळेही सेन्सर फसतो. द्रव थोडा निवू द्यावा.

तिसरे काम तारांचे. सांडलेला युरिया वाळला की पांढरे खडे होतात; तो तारेच्या आतून वर चढतो आणि तांब्याला खातो. जोड उघडून पांढरी पूड किंवा हिरवट पिन दिसते काय ते पाहावे. पुस्तकात सांगितलेला विजेचा दाब सेन्सरपर्यंत पोचतो काय, ते मीटरने मोजावे. बॅटरी बंद ठेवून निरोपाच्या दोन तारांमध्ये साधारण ६० ओहम यावेत. १२० आले तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा टोकाचा रोध गेला आहे.

चौथी कसोटी फुकटची आहे. रात्रभर उभ्या असलेल्या यंत्रात पहाटे टाकीतल्या द्रवाचे, इंजिनाच्या पाण्याचे आणि बाहेरच्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. एकच आकडा फटकून असेल तर खोटे कोण बोलतो ते उघड झाले. एवढे सारे होऊन द्रव शुद्ध आणि तारा धड निघाल्या, तरच सेन्सर बदलावा.

चूक आमच्या माणसांकडूनही होते, हेही सांगितले पाहिजे. किल्ली बंद केल्यावर पंप नळीतला द्रव मिनिटभर किंवा थोडे अधिक मागे ओढतो. चालक घाईने बॅटरीचा मुख्य खटका पाडतो, द्रव नळीतच राहतो आणि तेथे खडे होतात. ही सवय सोडली पाहिजे. तसेच सेन्सरला चकवणारी यंत्रे बसवून देणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. तो धूर अखेर आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

त्या चालकाचे काय झाले? दुर्बिणीत ३२.५ दिसले. जोडामध्ये पांढरी पूड होती आणि एक पिन हिरवी पडली होती. जोड साफ झाला, पिन बदलली, दिवा विझला. कापलेला पगार परत मिळाला. बुडालेली झोप मात्र कुणी परत केली नाही.

नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. खुद्द अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील पर्यावरण संस्थेने कारखानदारांना सुचविले की, या द्रवाच्या दोषापायी इंजिनाची ताकद एकाएकी काढून घेऊ नये, दुरुस्तीला अवधी द्यावा. म्हणजे सेन्सरचा शब्द अखेरचा मानू नये, हे तिकडेही उमगले आहे.

आमची मागणी लहान आहे. प्रत्येक डेपोत एक रिफ्रॅक्टोमीटर, एक मीटर आणि एक वही असावी. वहीत तारीख, दोषाचा आकडा आणि मोजलेली मापे लिहावीत, आणि खाली मिस्त्री व चालक दोघांच्या सह्या असाव्यात. ज्या दिवशी ती वही आधी उघडेल आणि ठपका मागाहून येईल, त्या दिवशी यंत्रालाही न्याय मिळेल आणि माणसालाही.