घर बांधताना (लेखांक ४) : माझा गुंठा नेमका कोणता?

मागच्या रविवारी भाच्याबरोबर पुण्याच्या वाघोलीला, केसनंद रस्त्याच्या आतल्या बाजूला एक प्लॉट पाहायला गेलो होतो. शेत मोडून मुरूम पसरलेला, फक्कीनं चौकोन आखलेले, कोपऱ्यांना लोखंडी अँगल रोवलेले. एजंट एका चौकोनात उभा राहून म्हणाला, "साहेब, हा तुमचा." भाच्यानं तेवढ्यात जिना कुठून काढायचा तेही ठरवून टाकलं.

मी खरेदीखताचा मसुदा मागून घेतला. त्यात तो चौकोन कुठेच नव्हता. गट क्रमांक होता, एकूण क्षेत्र २० गुंठे होतं आणि सोळा खरेदीदारांत आमचा हिस्सा एक गुंठा. चतुःसीमाही होत्या, पण त्या सगळ्या वीस गुंठ्यांच्या. चौकोन दाखवणारा कागद वेगळा निघाला : स्टँपपेपरला जोडलेला हातानं काढलेला ‘समजुतीचा नकाशा’.

असं का करतात? १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला मनाई केली. ऑगस्ट २०२३ मध्ये हे क्षेत्र जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरलं. सुट्या गुंठ्याचं खरेदीखत होत नसे, म्हणून दहा-पंधरा अनोळखी माणसं एकाच खतावर सह्या करू लागली. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकाखाली एक येतात आणि क्षेत्र राहतं सामाईक.

सामाईक या शब्दापाशी थांबा. वाटप होईपर्यंत प्रत्येक हिस्सेदाराचा हक्क जमिनीच्या इंचाइंचावर असतो. तुम्ही ज्या चौकोनात पाया खणाल, त्यात बाकीच्या पंधरा जणांचाही वाटा आहे. उद्या त्यातला एक वारला की त्याचे वारस येतात, एक परगावी गेला की त्याची संमती अडते. बँक अशा जमिनीवर गृहकर्ज द्यायला सहसा तयार होत नाही. आयुष्याची पुंजी लावून घेतलेली जागा हिस्सेदारांच्या मर्जीवर राहते, याचंच मला फार वाईट वाटतं.

मापाचंही पाहून घ्या. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यातून आतल्या रस्त्याची कपात झाली की हातात किती उरतं, हे टेप धरूनच मोजावं.

"जून २०२१ मध्ये वाघोली महापालिकेत आली, आता सगळं एनए, म्हणजे बिनशेतीच," असं तिथे सर्रास सांगतात. हद्दवाढीनं शेतजमीन आपोआप बिनशेती होत नाही. आणि ती शेतजमीनच असेल, तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही.

म्हणून विसार देण्याआधी तीन कागद मागा : मंजूर रेखांकन, बिनशेती आदेश आणि भूमी अभिलेखच्या मोजणीची ‘क’ प्रत. रेखांकनात तुमच्या प्लॉटला क्रमांक हवा आणि खरेदीखतात तोच क्रमांक, त्याच्याच चतुःसीमांसह यायला हवा.

आम्ही हे मागितल्यावर एजंट म्हणाला, "मोजणी नंतर करून देतो." भाच्यानं चेकबुक परत पिशवीत ठेवलं. परतताना गाडीत तो बराच वेळ बोलला नाही. वाघेश्वर मंदिराजवळ आल्यावर म्हणाला, "मामा, त्या पंधरा जणांना हे कुणी सांगितलं असेल का?"

(पुढील आठवड्यात : बुजवलेली दगडखाण आणि घराचा पाया)