व्याधीचा शेष ठेवूं नये

कर्करोगाचें नांव निघतांच घर कसें स्तब्ध होतें, हें आम्हीं भंडारा जिल्ह्यांत अनेकदां पाहिलें आहे. १९४१ सालीं मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. पण तें येथून ८०० किलोमीटरांहून दूर! पुढें भंडाऱ्याहून सुमारें ६० किलोमीटरांवर, नागपुरास, प्रादेशिक कर्करोग रुग्णालय उभें राहिलें. १९६८ सालीं याच रोगानें ज्यांना नेलें, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव त्यास लाभलें.

अंतर घटलें याचें मोल मोठें आहे. कारण किरणोपचार एका दिवसाचें काम नव्हे. किरण रोगपेशींची वाढ खुंटवितात. निरोगी पेशींस सांवरण्यास अवधि मिळावा म्हणून मात्रा थोडथोडी, बहुधा आठवड्यांतून ५ दिवस, कित्येकदां ५-६ आठवडे देतात. गांठ ओसरली, धानाची कापणी आली, म्हणून मध्येंच परतणें घातक होय.

वाचकहो, एकत्र कुटुंबाची कसोटी येथेंच लागते. एकानें रोग्यासोबत नागपुरास राहावें, दुसऱ्यानें शेती पाहावी, तिसऱ्यानें मुलें सांभाळावीं. ऋण, अग्नि आणि व्याधि यांचा शेष ठेवूं नये, असें आपले वाडवडील सांगत. अर्ध्यावर सोडलेला उपचार म्हणजे व्याधीचा शेषच नव्हे काय?