४७ एफ/१५

पुण्याहून कात्रजचा घाट चढून पलीकडे उतरले की खेड-शिवापूरचे खोरे लागते. उजव्या हाताला सिंहगडाची रांग, डावीकडे दूरवर पुरंदर आणि त्याला खेटून वज्रगड. उत्तरेला खडकवासल्याचे धरण, पूर्वेला गराडे परिसरात कऱ्हेची उगमाकडची ओढेवजा पात्रे. भूगोलाचा विद्यार्थी या सगळ्या मुलखाला एकाच नावाने ओळखतो : फोर्टी सेव्हन एफ फिफ्टीन. हा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटचा क्रमांक आहे. पाठ्यपुस्तकात त्याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात, पण प्रात्यक्षिकाच्या वर्गात कुणीही एवढे लांब नाव घेत नाही.

क्रमांकाची रीत एकदा कळली की विसरता येत नाही. देशाच्या नकाशावर चार अंश लांबीरुंदीचे चौकोन पाडलेले आहेत. १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश यांमधला चौकोन ४७ क्रमांकाचा. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग ए ते पी या अक्षरांनी, वरून खाली आणि मग शेजारच्या उभ्या ओळीत, असे मोजायचे. प्रत्येक अक्षराचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्याच क्रमाने १ ते १६. म्हणून पुण्याचा शनिवारवाडा ४७ एफ/१४ वर येतो, पुरंदर ४७ एफ/१५ वर आणि गडावरून दिसणारे सासवड मात्र ४७ जे/३ वर, कारण मध्ये ७४ वा रेखांश आडवा येतो. महाबळेश्वर ४७ जी/९, कळसूबाई ४७ ई/१०. लोणारचे सरोवर ७६ अंशांच्या पूर्वेला असल्याने तिथे मोठा आकडाच बदलतो : ५६ ए/९. अक्षांश-रेखांश दिले तर शीटचा क्रमांक सांगा, हा परीक्षेतला हमखास प्रश्न आहे आणि त्यात भूगोलाइतकेच सरळ गणित आहे.

१:५०,००० या प्रमाणावर जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो. एका शीटमध्ये साधारण २६ किलोमीटर रुंद आणि २७-२८ किलोमीटर उंच असा मुलूख मावतो. कला किंवा विज्ञान शाखेत भूगोल घेतलेल्या मुलांच्या हाती पदवीच्या वर्षांत कधीतरी हा कागद येतो आणि तेव्हाच बहुतेकांना पहिल्यांदा कळते की आपण आजवर नकाशे नुसते पाहत आलो होतो.

वाचायला सुरुवात होते ती समासापासून. सर्वेक्षणाचे वर्ष, प्रमाण, समोच्च रेषांमधले अंतर, शेजारच्या शीटचे क्रमांक. मग रंग. तपकिरी समोच्च रेषा, हिरवी झाडी, पिवळी लागवडीची जमीन, लाल रस्ते आणि वस्त्या. पाणी निळे, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते आणि इथेच पहिला धडा मिळतो, कारण ४७ एफ/१५ वरचे बहुतेक ओढे काळे आहेत. ज्या पात्रात बारमाही पाणी नाही ते काळ्या रेषेने दाखवायचे, असा नियम आहे. डोंगरउतारावर काळ्या रेषांचे दाट जाळे आणि निळा रंग फक्त धरणाला, मोठ्या नदीला, एखाद्या तळ्याला. दिवाळीनंतर कोरड्या पडणाऱ्या देशावरच्या ओढ्यांची सगळी कहाणी एका शाईत सांगितलेली असते. विहिरींच्या खुणा कुठे गर्दी करतात आणि कुठे विरळ होतात, हे त्याच जोडीने पाहिले की गावे नेमकी तिथेच का वसली, याचे अर्धे उत्तर मिळते.

उरलेले अर्धे उत्तर समोच्च रेषांत. या शीटवर त्या वीस-वीस मीटरच्या अंतराने आहेत आणि दर पाचवी रेषा जाड. आता या रेषांवरून डोंगराचा छेद काढायचा. शिवापूरच्या खोऱ्यातून पुरंदरच्या माथ्यापर्यंत पेन्सिलीने सरळ रेघ मारायची, तिच्यावर कागदाची पट्टी ठेवायची आणि जिथे जिथे समोच्च रेषा पट्टीला छेदते तिथे बारीक खूण करून शेजारी उंची लिहायची. पायथ्याशी खुणा ऐसपैस पडतात. चढ सुरू झाला की दाटी होते, पेन्सिलीचे टोक जाड असेल तर दोन रेषा एकच वाटतात. मग अचानक जागा मोकळी होते, पुन्हा दाटी, पुन्हा मोकळीक. पट्टी आलेखाच्या कागदावर ठेवून खुणा वर नेल्या आणि जोडल्या की पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर उभा राहतो.

त्या पायऱ्या म्हणजे दख्खनच्या पठाराची घडण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि जवळजवळ आडवेच राहिले. टणक थर कडा होऊन उभे राहतात, मऊ थर झिजून सपाट्या तयार होतात. गड बांधणाऱ्यांनी याच सपाट्यांवर माच्या वसवल्या आणि कड्यांना तटाचे काम दिले. विद्यार्थ्याच्या पट्टीवर जिथे खुणा दाटतात तो कडा आणि जिथे सुटतात ती माची, हे ज्याने स्वतः खुणा केल्या त्यालाच पक्के समजते. संगणक हाच छेद क्षणात काढून देतो. तरीही पहिले चार-पाच छेद हातानेच काढले पाहिजेत, कारण रेषांची ती दाटी बोटांना जाणवावी लागते.

छेदात एक फसगत असते. आडवे प्रमाण एका सेंटिमीटरला ५०० मीटर आणि उभे प्रमाण एका सेंटिमीटरला १०० मीटर घेतले, तर डोंगर पाचपट ताणला जातो. वहीतला पुरंदर सुळक्यासारखा दिसतो. म्हणून चांगले शिक्षक छेदाखाली ही पट लिहायला लावतात आणि त्यावर सही करतात.

शीटवर डोंगरमाथ्यांशी छोटे त्रिकोण दिसतात, शेजारी उंचीचा आकडा. त्या खुणेमागे दोनशे वर्षांहून जुने काम आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. एक बाजू जमिनीवर साखळीने मोजायची, पुढचे सगळे त्रिकोण कोनांवरून सोडवायचे, असे करत तो अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन उत्तरेकडे सरकत राहिला. २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबरही तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही साखळी हिमालयाच्या पायथ्याशी नेली आणि राधानाथ सिकदारांसारख्या गणितज्ञांनी तिच्यावरून शिखरांच्या उंची काढल्या. भूगोलाच्या सहली लोणारला आणि महाबळेश्वरला जातात. विदर्भातल्या महाविद्यालयांनी तरी हिंगणघाट त्यात धरायला हवे.

इतक्या कष्टाने झालेले नकाशे बराच काळ सामान्य माणसाच्या हाती सहज पडत नव्हते. किनारा आणि सीमेजवळच्या शीट तर कुलपात असत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक मालिका आणि सर्वांसाठी दुसरी खुली मालिका अशी वाटणी केली. २०१७ पासून खुल्या मालिकेतल्या शीट संकेतस्थळावरून मोफत उतरवता येऊ लागल्या आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांवरचे बहुतेक निर्बंध उठवले. महाविद्यालयाच्या भूगोल विभागातल्या एकाच जीर्ण शीटभोवती पंधरा मुले वाकून उभी, हे दृश्य आता टाळता येण्याजोगे आहे. ते अजूनही दिसते, याचे कारण सरकारी बंदी नव्हे, सवय आहे.

नकाशा प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवणे, हा भाग मुलांना सर्वांत रुक्ष वाटतो. पृथ्वीची त्रिज्या ढोबळ मानाने ६४ कोटी सेंटिमीटर, प्रमाण वीस कोटींना एक, म्हणजे कागदावरची त्रिज्या ३.२ सेंटिमीटर. इथून सुरुवात करून अक्षवृत्तांची अंतरे काढायची आणि जाळी आखायची. पण मर्केटरची १५६९ ची जाळी स्वतः आखताना ध्रुवांकडे अंतरे कशी फुगत जातात हे दिसले, की भिंतीवरच्या नकाशात आफ्रिकेच्या तोडीचे दिसणारे ग्रीनलंड प्रत्यक्षात तिच्या चौदाव्या हिश्शाइतके कसे, हे वेगळे पटवावे लागत नाही.

खरी गंमत मैदानावर. साखळी-मोजणीत शेतकऱ्यांची मुले पुढे असतात. गंटरची साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. आपल्याकडच्या महसुली मोजणीतली तिच्या निम्मी, ३३ फुटांची. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद तो एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. घरी बांधावरून झालेली बोलणी ऐकलेल्या मुलाला हे आकडे शिकवावे लागत नाहीत.

त्याहून रंगते ते प्लेन टेबलचे काम. तिपाईवर लाकडी फळा, त्यावर कागद. स्पिरिट लेव्हलने फळा समतल करायचा, लांबट पेटीतल्या होकायंत्राने उत्तर आखायची, ओळंबा सोडून कागदावरचा बिंदू जमिनीवरच्या खुंटीच्या बरोबर वर आणायचा. मग अ‍ॅलिडेडच्या फटीतून झाड, खांब, इमारतीचा कोपरा पाहायचा आणि किरण ओढायचा. नकाशा शेतातच, डोळ्यांदेखत तयार होतो. त्यातला सर्वांत सुंदर प्रश्न तीन बिंदूंचा. आपण कुठे उभे आहोत ते ठाऊक नाही, पण तीन ओळखीच्या खुणा दिसतात आणि त्या कागदावर आहेत. तिन्हींकडून उलटे किरण ओढले तर ते एका जागी मिळायला हवेत. क्वचितच मिळतात. मध्ये एक चिमुकला त्रिकोण उरतो, त्रुटीचा त्रिकोण. मग ट्रेसिंग पेपरवर तीन किरण वेगळे काढून तो कागद सरकवत, फिरवत न्यायचा, तिन्ही किरण तिन्ही खुणांवरून जाईपर्यंत. जिथे जुळतात तिथे टाचणी टोचायची : आपण इथे. हातातला फोन हेच उत्तर उपग्रहांकडून आणतो, पण त्यामागची भूमिती या फळ्यावर उघडी असते.

दुर्दैवाने ज्या विभागांत हा फळा कपाटामागे धूळ खात पडतो तिथे प्रात्यक्षिकाचे जर्नल आदल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवले जाते. तीच शीट, तोच छेद, तेच उत्तर. प्राकृतिक भूगोल पाठ करून पास होण्याचा विषय बनतो तो इथे, आणि हे नुकसान मोठे आहे.

किती मोठे, ते उताराच्या प्रात्यक्षिकात कळते. वेंटवर्थने १९३० मध्ये सुचवलेली रीत आजही शिकवतात. शीटवर एक-एक किलोमीटरचे चौकोन पाडायचे, त्यांच्या रेघांना समोच्च रेषा किती वेळा छेदतात ते मोजायचे, दर किलोमीटरच्या सरासरीला रेषांमधल्या अंतराने गुणायचे आणि ६३६.६ ने भागायचे. येतो तो सरासरी उताराचा स्पर्शक. वीस मीटरच्या रेषा किलोमीटरला पंधरा वेळा छेदल्या, तर उतार साधारण २५ अंश. हा आकडा वहीपुरता नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर अतिवृष्टीत डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दरड कधी कोसळेल हे नुसत्या उताराच्या नकाशावरून सांगता येत नाही. मातीची जाडी, खडकाची झीज, पाऊस, जमिनीत केलेले फेरफार हे सगळे जोडावे लागते. पण कोणत्या वाडीच्या डोक्यावर कोणता उतार आहे, ही पहिली यादी पदवीच्या वर्गात शिकवलेल्या गणितातून होऊ शकते. आपल्या तालुक्याची अशी यादी करणे हा एखाद्या विभागाचा वार्षिक प्रकल्प का असू नये?

ओढ्यांचेही तसेच. स्ट्रालरच्या १९५२ च्या रीतीने उगमाकडचा बिनफाट्याचा ओढा पहिल्या श्रेणीचा, असे दोन मिळाले की दुसऱ्या श्रेणीचा. दुसऱ्याला पहिला मिळाला तर श्रेणी वाढत नाही, आणि इथे निम्मा वर्ग चुकतो. ट्रेसिंग पेपरवर हे जाळे रंगवणारे विद्यार्थीच पुढे पाणलोटाच्या कामात माथा ते पायथा आराखडे करतात. आज जोडीला फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून अकरा दिवसांत टिपलेली रडार उंचीमाहिती आहे, क्यूजीआयएससारखी मोफत प्रणाली आहे. संगणक ओढे आपोआप आखतो. मात्र सह्याद्रीच्या उभ्या कड्यांच्या आड रडारला नीट दिसत नाही, आणि तिथे त्याच्या माहितीत खोट राहू शकते. संगणकाने आखलेला ओढा चुकला हे ओळखायला शीटवरची काळी रेषा वाचता यावी लागते.

नवे आणि जुने जोडताना आणखी एक पेच येतो. जुन्या शीट एव्हरेस्टच्या नावाच्या पृथ्वीगोलावर बेतलेल्या आहेत, जीपीएस दुसऱ्या. फोनवरचे अक्षांश-रेखांश थेट जुन्या ४७ एफ/१५ वर टाकले तर पुण्याच्या परिसरात जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते, कागदावर दोनेक मिलिमीटर. ओढ्याकाठचे देऊळ पलीकडच्या काठावर जाते. हा फरक कुठून आला ते शोधायला लावणारे शिक्षक मुलांना अर्धे भूगणित शिकवून जातात.

शेजारच्या शीटवर, ४७ जे/३ मध्ये, मल्हारगडाच्या पायथ्याला सोनोरी आहे. गावठाणाची मोजणी ड्रोनने करण्याचा प्रयोग राज्यात आधी या गावात झाला आणि एप्रिल २०२० मध्ये अशाच कामासाठी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन उडण्याआधी जमिनीवर नियंत्रण-बिंदू रोवून त्यांची अचूक जागा ठरवावी लागते. घरांच्या हद्दी चुन्याने आखाव्या लागतात, छायाचित्रांवरून निघालेला नकाशा गावकऱ्यांसमोर पडताळावा लागतो. भूगोलाचा पदवीधर या कामांत पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो, जर त्याने ओळंबा कधी हातात धरला असेल.