सीएनजी स्वच्छ खरा. पण झडपांची वेळ चुकली तर?

सीएनजीवर धावणारे वाहन म्हणजे प्रदूषणमुक्त वाहन, असे समीकरण शहरवासीयांच्या मनात पक्के झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८च्या आदेशानंतर दिल्लीच्या बसगाड्या या इंधनावर आल्या. मुंबईतील टॅक्सी-रिक्षांनीही तोच मार्ग धरला. काळा धूर दिसेनासा झाला, हे निर्विवाद. मात्र न दिसणाऱ्या धुराचा हिशेब इंधनाइतकाच इंजिनाच्या झडपांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, अवलंबून असतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात एक आवर्तन पूर्ण होण्यास क्रँकशाफ्टचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश लागतात. जळालेला वायू बाहेर पडत असतानाच नवे मिश्रण आत येऊ लागते आणि काही अंश दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहतात. हा काळ लांबला, की हवेत आधीच मिसळलेला गॅस न जळताच थेट धुराड्याकडे निसटू शकतो. हा गॅस प्रामुख्याने मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. शिवाय त्याचा रेणू चिवट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला तापलेला नसेल, तर तेथेही तो दाद देत नाही.

सिग्नलवर उभ्या गाडीत नेमके उलटे घडते. इनटेक नळीतील दाब कमी असल्याने जळका वायूच मागे ओढला जातो. तो थोडा असेल तर तापमान उतरते व नायट्रोजन ऑक्साइड घटतात. अधिक झाला, की मुळातच संथ असणारी मिथेनची ज्योत मधेच विझते. एकाला आवरावे तर दुसरे सुटते.

यावर एक जुना तोडगा आहे. अमेरिकन अभियंता राल्फ मिलर यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत आत घेणारी झडप नेहमीपेक्षा लवकर वा उशिरा मिटते. त्यामुळे मिश्रण कमी दाबले जाते, प्रसरण मात्र पूर्ण मिळते. ज्वलन थंड राहते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. ताकद घटते, म्हणून टर्बोचार्जरची जोड लागते. वीजनिर्मितीच्या मोठ्या गॅस इंजिनांत ही पद्धत रुळली आहे.

किट बसवलेल्या जुन्या पेट्रोल गाडीचे दुखणे वेगळेच. गॅस कोरडा, द्रव इंधनाचा ओलावा झडपांच्या बैठकीला मिळत नाही. बैठक झिजते, झडप आत रुतते आणि टॅपेटची फट कमी होते. परिणामी झडप लवकर उघडते, उशिरा मिटते. अखेरीस नीट बसेनाशी होऊन जळते. वास्तविक ही फट तपासणे हे गॅरेजमधील नेहमीचे काम. पण गाडी पळते आहे तोवर ते कोणाला आठवत नाही. पीयूसीवरही विसंबता येत नाही. सीएनजी वाहनांसाठी त्यातील हायड्रोकार्बनची मर्यादा मिथेन वगळूनच धरली जाते.